मॅकवर कुठला प्रोफायलर? आधी ॲप राबतंय की वाट बघतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: मॅकवरचं डेस्कटॉप ॲप आहे, आतलं इंजिन सी प्लस प्लसमध्ये, वरचं यूआय स्विफ्टमध्ये, मोठी फाइल उघडली की ॲप अडकून बसतं, आणि टीम लिनक्सवरून आलेली असल्यामुळे पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल, म्हणजे प्रोफायलर) आणि वालग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं) यांची सवय आहे, तर मॅकवर त्यांच्या जागी काय घ्यायचं आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात का.

पैशाचं आधी सांगून टाकतो, लागत नाहीत. एक्सकोड, म्हणजे ॲप बनवायचं ॲपलचं टूल, त्याच्याबरोबर इन्स्ट्रुमेंट्स फुकट येतं आणि मॅकवर कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) जवळून माहिती काढणारं त्याच्याइतकं दुसरं काही नाही. पण "इन्स्ट्रुमेंट्स वापरा" एवढं सांगून तुमचं काम होणार नाही, कारण ते उघडलं की समोर वीसेक टेम्प्लेट येतात, माणूस टाइम प्रोफायलर निवडतो, रेकॉर्ड करतो, आलेख जवळजवळ सपाट दिसतो आणि मग दोन दिवस भलत्याच फंक्शनच्या मागे जातात. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी प्रोफायलरबद्दल विचारलं की मी उलट एकच विचारतो, ॲप अडकतं तेव्हा सीपीयू किती टक्के दिसतो?

ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, ॲप अडकवा, आणि बघा. एका थ्रेडचं (ॲपमधल्या कामाच्या एका स्वतंत्र धाग्याचं) काम असेल तर १०० टक्क्यांच्या आसपास दिसेल, अनेक थ्रेड राबत असतील तर ३००-४०० पण दिसेल, म्हणजे सीपीयू खरंच राबतोय. आणि ॲप अडकलंय, रंगीत चक्र फिरतंय, पण सीपीयू ५ टक्के, तर ॲप कोणाची तरी वाट बघत बसलंय, डिस्कची, नेटवर्कची, एखाद्या लॉकची (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) किंवा दुसऱ्या थ्रेडची. हे दोन आजार पूर्ण वेगळे आहेत आणि दोघांची टूल्सही वेगळी. माझा अनुभव असा की डेस्कटॉप ॲपबद्दल "हँग होतं" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा ती दुसऱ्या जातीची निघते, आणि सगळे शोधतात मात्र पहिल्या जातीत.

वाट बघण्याचा आजार असो नाहीतर राबण्याचा, पहिलं टूल मी जे वापरतो ते प्रत्येक मॅकवर आधीपासूनच असतं, टर्मिनलमधली 'सॅम्पल' नावाची कमांड. सॅम्पल, पुढे ॲपचं नाव किंवा प्रोसेस आयडी, पुढे किती सेकंद, बस. सेकंद नाही सांगितले तर १० धरतं. दर १ मिलिसेकंदाला ते प्रोसेस क्षणभर थांबवतं, सगळ्या थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलंय त्याची साखळी, लिहून घेतं आणि पुढे जाऊ देतं. 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे जो थ्रेड झोपलाय त्याचाही स्टॅक मिळतो. पर्फ रेकॉर्ड साध्या सेटिंगवर चालवलं तर फक्त सीपीयूवर असलेलेच थ्रेड पकडतं, त्यामुळे लिनक्सवरून आलेल्यांना ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही.

आउटपुट साधी टेक्स्ट फाइल असते. वर कॉल ग्राफ, प्रत्येक थ्रेडखाली पायऱ्यापायऱ्यांनी फंक्शनची नावं आणि प्रत्येकाआधी आकडा, तो स्टॅक किती वेळा दिसला त्याचा. ५ सेकंदांचं सॅम्पल घेतलं म्हणून आकडा ५,००० च येईल असं नाही, थ्रेड जास्त असले की थांबवायला वेळ लागतो आणि ४,००० च्या आसपासच नमुने मिळतात, त्याने बिचकू नका, प्रमाण बघायचं.

आता ते वाचायचं कसं, कारण इथेच नवीन माणूस फसतो. मेन थ्रेड (यूआय सांभाळणारा) शोधा आणि त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जा. तिथे 'मॅक मेसेज' (mach_msg, निरोपाची देवाणघेवाण) वाला ट्रॅप (कर्नलमध्ये शिरण्याची जागा) दिसला आणि त्याच्या लगेच वर रन लूपची (क्लिकसारख्या घटनांची वाट बघत फिरणाऱ्या चक्राची) फंक्शनं असली तर घाबरायचं काही कारण नाही, तो थ्रेड मोकळा बसलाय, पुढच्या क्लिकची वाट बघतोय, निरोगी ॲपमध्ये असंच दिसतं. पण खाली 'सेमाफोर वेट ट्रॅप' किंवा 'पीसिंक म्यूटेक्स वेट' (म्हणजे कुठल्यातरी इशाऱ्यासाठी किंवा लॉकसाठी थांबणं) असं काही आणि त्याच्या वर तुमचं स्वतःचं फंक्शन दिसलं, तर चोर तिथेच सापडला. आणि खाली मॅक मेसेजच आहे पण वर रन लूपच्या ऐवजी एक्सपीसी (दोन प्रोसेसमधला संवाद) किंवा तुमचा कोड दिसतोय, तर तुम्ही मेन थ्रेडवरून दुसऱ्या प्रोसेसला काहीतरी विचारून उत्तराची वाट बघताय, तेही वाईटच.

एक प्रत्यक्षातलं सांगतो. एका फोटो कॅटलॉगच्या ॲपवर काम करत होतो, फोल्डर उघडलं की जुन्या इंटेल मॅकवर अर्धा सेकंद लागायचा, कोणाची तक्रार नव्हती. २०२० च्या शेवटी एम वन मॅक आले, सगळं वेगवान झालं, आणि नेमकं हेच फोल्डर उघडणं जवळपास दोन सेकंदांवर गेलं. नवीन मशीनवर हळू, हे कोणाच्या पचनी पडत नव्हतं. दोघांनी टाइम प्रोफायलरमध्ये थंबनेल डिकोड करणारा कोड बघून त्यात सुधारणा पण करून टाकल्या, फरक शून्य. मी सॅम्पल घेतलं, मेन थ्रेडच्या फोल्डर उघडण्याच्या काळातले जवळजवळ सगळे नमुने एकाच जागी, 'फोल्डर लोड करा' वाल्या आमच्या फंक्शनखाली डिस्पॅच सेमाफोर वेट आणि त्याखाली ट्रॅप. म्हणजे मेन थ्रेड काही करतच नव्हता, दुसऱ्या क्यूवरच्या (कामांच्या रांगेतल्या) कामाची वाट बघत होता. आणि ती क्यू कोणीतरी कधीकाळी 'बॅकग्राउंड' क्यूओएसने (काम किती तातडीचं ते सिस्टमला सांगणारी पातळी) बनवली होती.

झालं असं होतं की इंटेलवर सगळे कोअर सारखे, त्यामुळे बॅकग्राउंड म्हटलं तरी मशीन रिकामं असेल तर काम पटकन व्हायचं. ॲपल सिलिकॉनवर दोन जातीचे कोअर आहेत, परफॉर्मन्स आणि एफिशियन्सी, आणि बॅकग्राउंड क्यूओएसचं काम एफिशियन्सी कोअरवरच ठेवलं जातं, बाकीचे कोअर रिकामे असले तरी. बरं, मेन थ्रेड वाट बघतोय म्हटल्यावर सिस्टमने त्या कामाची प्रायॉरिटी वाढवायला हवी होती, म्यूटेक्स किंवा डिस्पॅच सिंक असतं तर तसं झालंही असतं, पण सेमाफोरला मालक नसतो, तो कोण सोडणार हे सिस्टमला माहीतच नसतं, त्यामुळे कोणाला वर ढकलायचं ते कळत नाही. आम्ही ते थांबणं काढून टाकलं, काम झालं की कॉलबॅक येईल असं केलं, क्यूओएस 'युजर इनिशिएटेड' केला आणि विषय संपला. एक्सकोड १४ पासून स्कीमच्या डायग्नॉस्टिक्समध्ये 'थ्रेड परफॉर्मन्स चेकर' आहे, तो अशी उलटी प्रायॉरिटी दिसली की चालू ॲपमध्येच इशारा देतो, तो चालू ठेवाच.

हा सगळा शोध एका टेक्स्ट फाइलमध्ये लागला, म्हणून मी सॅम्पल पहिलं म्हणतो. वाट बघण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं असेल, म्हणजे कोणी कोणाला उठवलं, कुठला लॉक कोणाकडे होता, पेज फॉल्ट (मेमरीचं पान आणायला थांबणं) कितीचे, तर मग इन्स्ट्रुमेंट्समधलं सिस्टम ट्रेस. त्यात थ्रेडची प्रत्येक अवस्था पट्टीवर दिसते, चालू, अडलेला, तयार पण कोअर मिळत नाही, आणि कुठल्या थ्रेडने याला जागं केलं तेही. माहिती प्रचंड येते त्यामुळे दोनचार सेकंदांपेक्षा जास्त रेकॉर्ड करायच्या भानगडीत पडू नका. आणि हँग्ज नावाचं इन्स्ट्रुमेंट मेन थ्रेड कधी कधी गप्प होता ते पट्टीवर दाखवतं, २५० मिलिसेकंदांपासून मायक्रोहँग आणि ५०० च्या पुढे हँग, म्हणजे "कधीतरी अडकतं" अशा तक्रारीला नेमकी वेळ मिळते आणि मग त्या तुकड्यावरच नजर ठेवून बाकीचं बघता येतं.

आता सीपीयू खरोखरच राबत असेल तर टाइम प्रोफायलर. पण त्याआधी बिल्ड नीट करून घ्या, यात जेवढं पाणी मुरतं तेवढं टूलच्या निवडीत नाही मुरत. डीबग बिल्ड प्रोफाइल करू नका, कृपा करून. स्विफ्टमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असलेला जेनेरिक कोड आणि चालू असलेला, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, सी प्लस प्लसमध्ये स्टँडर्ड लायब्ररीची छोटी छोटी फंक्शनं डीबगमध्ये इनलाइन होत नाहीत आणि यादीत सगळ्यात वर तीच येऊन बसतात, तुम्ही व्हेक्टरचा ब्रॅकेट ऑपरेटर महाग आहे असा निष्कर्ष काढून मोकळे. एक्सकोडमध्ये कमांड-आय दाबलं की तो मुळातच रिलीज बिल्ड करून इन्स्ट्रुमेंट्स उघडतो, तेच वापरा. सी प्लस प्लसचं इंजिन सीमेकने वेगळं बिल्ड होत असेल तर तिथे ऑप्टिमायझेशनबरोबर डीबग माहितीचा फ्लॅगही द्या, नाहीतर यूआयची नावं दिसतील आणि इंजिनच्या जागी नुसते हेक्स पत्ते. डीबग माहिती दिली म्हणून कोड हळू होत नाही, ही भीती बऱ्याच जणांच्या डोक्यात घट्ट बसलेली असते. दुसरं, साइन करून हार्डन्ड रनटाइम (ॲपलचं सुरक्षा कवच) लावलेल्या बिल्डला इन्स्ट्रुमेंट्स जोडता येत नाही, त्याला 'गेट टास्क अलाऊ' हे एंटायटलमेंट (बिल्डमध्ये घातलेली परवानगी) लागतं, डेव्हलपमेंटच्या बिल्डमध्ये एक्सकोड ते आपोआप घालतो, बाहेर पाठवायच्या बिल्डमध्ये नसतं आणि नसलंच पाहिजे.

एका बाबतीत मात्र लिनक्सवाल्यांना इथे सुख आहे. तिकडे कंपायलर फ्रेम पॉइंटर (स्टॅकमधली मागची पायरी कुठे ते सांगणारी खूण) काढून टाकतात म्हणून पर्फचे स्टॅक अर्धवट तुटायचे आणि ड्वार्फवरून (डीबग माहितीवरून) स्टॅक उलगडायची कसरत करावी लागायची, फेडोराने २०२३ मध्ये ३८ व्या आवृत्तीत फ्रेम पॉइंटर परत आणले ते यासाठीच. ॲपलच्या आर्म प्लॅटफॉर्मवर फ्रेम पॉइंटरचं रजिस्टर त्याच कामासाठी राखीव ठेवायचा नियमच आहे, त्यामुळे स्टॅक सहसा पूर्ण मिळतात.

टाइम प्रोफायलरच्या कॉल ट्रीखाली तीनचार टिक्स असतात आणि त्या कशा लावल्यात त्यावर तुम्हाला काय दिसेल ते ठरतं. मी आधी इन्व्हर्ट करतो, म्हणजे प्रत्यक्ष वेळ जिथे गेला ते फंक्शन वर येतं. 'हाइड सिस्टम लायब्ररीज' मी सुरुवातीला लावत नाही, जरी सगळे तेच आधी लावायला सांगतात. कारण ऐका. एका इम्पोर्टमध्ये रेकॉर्ड वाढले की वेळ भलताच वाढत होता, रेकॉर्ड दुप्पट तर वेळ चौपट. टिक लावून बघितलं तर आमचं 'रेकॉर्ड जोडा' फंक्शन ८० टक्के, आत बघावं तर चारच ओळी, कोणालाच त्यात काही दिसेना. टिक काढून इन्व्हर्ट केलं आणि सगळ्यात वर मेममूव्ह, मेमरीतला मजकूर इकडून तिकडे हलवणारं सिस्टमचं फंक्शन. मग एका मिनिटात उलगडलं: स्विफ्टचा ॲरे एका डिक्शनरीतून काढून व्हेरिएबलमध्ये घेतला जात होता, त्यात एक घटक जोडून परत डिक्शनरीत ठेवला जात होता, त्या मधल्या क्षणी ॲरेचे दोन धनी, त्यामुळे कॉपी ऑन राइटच्या नियमाने दर वेळी पूर्ण ॲरेची नक्कल. हजार घटकांचा ॲरे हजार वेळा कॉपी. डिक्शनरीतल्या किमतीला जागच्या जागी जोडलं, मेममूव्ह यादीतून गायब झालं. सिस्टम लायब्ररी लपवल्या की त्यांचा वेळ तुमच्या फंक्शनच्या नावावर चढतो, कुठे गेला ते कळतं पण का गेला ते पुसलं जातं. मेममूव्ह, मॅलॉक (मेमरी मागणं), स्विफ्ट रिटेन-रिलीज (वस्तू किती जण वापरताहेत त्याची मोजणी), ही नावं दिसणं हेच खरं निदान असतं.

टाइम प्रोफायलरमध्ये एक उणीव आहे ती पण माहीत असू द्या. तो घड्याळावर चालतो, ठराविक वेळाने नमुना. तुमचंही काम ठराविक वेळाने होत असेल, ऑडिओ किंवा ॲनिमेशनसारखं, तर दोघांची लय जुळून एखादं फंक्शन अवाच्या सवा दिसू शकतं किंवा अजिबात दिसत नाही. नव्या इन्स्ट्रुमेंट्समध्ये सीपीयू प्रोफायलर नावाचं वेगळं टेम्प्लेट आहे, ते प्रत्येक कोअरच्या सायकल मोजून नमुने घेतं, त्यामुळे वेगवान कोअरवरचं आणि हळू कोअरवरचं काम योग्य वजनाने मोजलं जातं. शुद्ध गणिताचं, इंजिनमधलं काम सुधारायचं असेल तर मी हल्ली तेच घेतो. अजून खोलात जायचं तर सीपीयू काउंटर्स, आणि एम फोर किंवा पुढची चिप असेल तर प्रोसेसर ट्रेस, त्यात नमुने नाहीतच, चाललेला प्रत्येक फंक्शन कॉल नोंदला जातो. पण ते शेवटचं शस्त्र, अल्गोरिदम चौपट वेळ खात असताना ब्रँच प्रेडिक्शन (सीपीयूचा पुढच्या वाटेचा अंदाज) बघण्यात अर्थ नाही.

तुमच्या कोडमध्ये साइनपोस्ट घाला, हे मात्र आजच करा. २०१८ पासून मॅकवर ओएस साइनपोस्ट आहे, 'फाइल वाचायला सुरुवात', 'वाचून झाली', अशा जोड्या कोडमध्ये टाकल्या की इन्स्ट्रुमेंट्सच्या पट्टीवर त्या नावाने तुकडे दिसतात. रेकॉर्डिंग चालू नसताना त्यांचा खर्च नगण्य असतो त्यामुळे रिलीजमध्येही ठेवता येतात. याचा खरा फायदा असा की २० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमधला नेमका 'फाइल उघडणे' एवढाच तुकडा निवडता येतो आणि कॉल ट्री तेवढ्यापुरती दिसते, नाहीतर ॲप सुरू होण्याचा वेळ, विंडो काढण्याचा वेळ, सगळं एकात कालवलं जातं आणि टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

मेमरीसाठी वालग्रिंडची आठवण येईल, पण मॅकवर ते नेहमीच मागे राहिलंय, नव्या सिस्टमवर त्याच्या भरवशावर राहू नका. चुकीच्या मेमरी ॲक्सेससाठी ॲड्रेस सॅनिटायझर, गळतीसाठी 'लीक्स' कमांड, आणि कोण किती घेतंय यासाठी इन्स्ट्रुमेंट्समधलं ॲलोकेशन्स. त्यात 'मार्क जनरेशन' बटण आहे, फाइल उघडा, बंद करा, मार्क करा, असं चारपाच वेळा, प्रत्येक फेरीत जे शिल्लक राहतंय ते समोर येतं. लीक्सला न सापडणारी वाढ, म्हणजे कुठल्यातरी कॅशमध्ये साठत गेलेली, अशीच सापडते.

बाकी टूल्सचं पटकन. सॅम्पली चांगलं आहे, मोफत, कमांड लाइनवरून चालतं आणि निकाल फायरफॉक्स प्रोफायलरच्या पानावर ब्राउझरमध्ये उघडतो, फ्लेम ग्राफची सवय असेल तर आवडेल, आणि लिनक्स-विंडोजवरही चालत असल्यामुळे तेच इंजिन तिन्हीकडे असेल तर एकाच टूलने तुलना करता येते. ट्रेसी गेम किंवा दर फ्रेमला काम करणाऱ्या ॲपसाठी उत्तम, पण कोडमध्ये खुणा पेराव्या लागतात. जीप्रॉफ (युनिक्सवरचा जुना प्रोफायलर) १९८२ पासूनचं आहे, त्याचं काम त्याने केलं, मॅकवर त्याच्या वाटेला जाऊ नका. डीट्रेस (चालू सिस्टममध्ये डोकावणारं टूल) २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर आलं, सुंदर गोष्ट आहे, पण २०१५ नंतर सिस्टम इंटिग्रिटी प्रोटेक्शनमुळे (सिस्टमच्या भागांना हात लावू न देणारं संरक्षण) त्याचे हातपाय बांधलेत आणि ते प्रोटेक्शन रोजच्या मशीनवर बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही. व्हीट्यून या इंटेलच्या प्रोफायलरचा इथे उपयोग नाही. बिल्ड सर्व्हरवर रोज मोजमाप घ्यायचं असेल तर एक्ससीट्रेस ही कमांड आहे, एक्सकोड १२ पासून, टेम्प्लेटचं नाव, प्रोसेस आणि वेळेची मर्यादा दिली की विंडो न उघडता रेकॉर्डिंग होतं.

आणि एक परिस्थिती उरते जिथे यातलं बरंचसं हाताशी नसतं, ग्राहकाचं मशीन. तिथे एक्सकोड नाही, ग्राहकाला टर्मिनल माहीत नाही, आणि अडकतं ते फक्त त्याच्याकडेच. त्याला सांगा, ॲप अडकलं की ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ॲप निवडा, वरच्या मेनूतून 'सॅम्पल प्रोसेस' घ्या आणि आलेली फाइल सेव्ह करून पाठवा. हीच ती सॅम्पल कमांड, फक्त बटणामागे. फाइलमध्ये फोल्डरचे पाथ असतात, त्यात कधी युजरचं नाव येतं, ते त्याला आधी सांगा, ते पुसून पाठवलं तरी आपलं काही अडत नाही. फाइलमध्ये तुमच्या फंक्शनची नावं नसतील कारण रिलीजमधून सिम्बॉल (पत्त्यांची नावं सांगणारी यादी) काढलेले असतात, पण शेवटी 'बायनरी इमेजेस' नावाची यादी असते, तिच्यात तुमची बायनरी कुठल्या पत्त्यावर लोड झाली ते आणि तिचा यूयूआयडी (त्या बिल्डचा ओळख क्रमांक) दिलेला असतो. तो पत्ता, स्टॅकमधला पत्ता आणि तुमची डीसिम फाइल (त्याच बिल्डची वेगळी ठेवलेली डीबग माहिती) 'एटॉस' कमांडला दिली की फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांक मिळतो. यूयूआयडी मात्र तंतोतंत जुळला पाहिजे, तोच कोड आज परत बिल्ड करून बनवलेली डीसिम चालेलच असं नाही, म्हणून बाहेर पाठवलेल्या प्रत्येक बिल्डची डीसिम आवृत्तीच्या नावाने त्याच दिवशी बाजूला ठेवायची सोय बिल्ड स्क्रिप्टमध्ये करून टाका. तुमच्या या फाइल उघडण्याच्या प्रकरणात मी तरी आज ग्राहकाकडून असं एक सॅम्पल मागवीन आणि मेन थ्रेडची सगळ्यात खालची पायरी बघीन, इन्स्ट्रुमेंट्सचं कुठलं टेम्प्लेट उघडायचं ते त्यानंतर.